मिशिगनवाल्यांनो, मे-जूनमध्ये घरी पाहुणे येणार असतील तर ॲन आर्बरची पिओनीची बाग चुकवू नका

मिशिगनमध्ये राहणाऱ्या आणि उन्हाळ्यात आईबाबा किंवा सासूसासरे इकडे येणार असलेल्या सगळ्यांसाठी हा रिव्ह्यू लिहितेय. नायगारा, शिकागो, मॅकिनॅक आयलंड हे सगळं लिस्टवर असतंच, ते करा, पण ॲन आर्बरला निकोल्स आर्बोरेटममध्ये (झाडांच्या मोठ्या बागेत) जुन्या व्हरायट्यांच्या पिओनींची, म्हणजे गुलाबासारख्या मोठ्या फुलांच्या झाडांची, जी बाग आहे ना, ती मे अखेर ते जूनचा मध्य एवढेच दिवस बघायला मिळते आणि ती दाखवल्याशिवाय कुणाला परत पाठवू नका. माझे मार्क आधीच सांगते, बागेला पाचपैकी पाच. पार्किंगला वेगळे द्यायचे तर पाचपैकी एक.

आधी बेसिक माहिती. बाग युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनची आहे, आर्बोरेटमला इथले लोक नुसतं 'आर्ब' म्हणतात. वॉशिंग्टन हाइट्सच्या गेटमधून आत शिरलं की लगेचच बाग लागते, म्हणजे गुडघे दुखणाऱ्यांनाही काही अडचण नाही. पुढे मात्र आर्ब थेट ह्युरॉन नदीपर्यंत उतरत जातो, १२३ एकर आहे, चढउतार बऱ्यापैकी, तेव्हा सत्तरीच्या पुढच्या मंडळींना 'चला नदीपर्यंत जाऊन येऊ' म्हणून उगाच ओढू नका. तिकीट नाही. सूर्योदय ते सूर्यास्त कधीही जा. आत हॉटेल-बिटेल काही नाही, पाणी आणि टोप्या घरून न्या, कारण वाफे सगळे उघड्या उन्हात आहेत, पिओनीला ऊन लागतंच, त्यामुळे बागेत सावली शोधू नका.

आता ही बाग नक्की काय आहे ते सांगते, कारण बरेच जण जातात, फोटो काढतात, 'वॉव किती मोठी फुलं' म्हणतात आणि वीस मिनिटांत परत येतात. मी पण सुरुवातीला तसंच समजत होते की युनिव्हर्सिटीने छान फुलं लावलीत, बस. तर ही बाग शंभर वर्षांच्या वर जुनी आहे. कॅलामझूचे डॉ. विल्यम अपजॉन, हे याच युनिव्हर्सिटीतून डॉक्टर झाले होते, त्यांना पिओनीचं प्रचंड वेड, त्यांनी १९२२ मध्ये आपल्या संग्रहातली रोपं युनिव्हर्सिटीला दिली आणि १९२७ मध्ये बाग लोकांना खुली झाली. हे अपजॉन म्हणजे अपजॉन कंपनीचे संस्थापक. फार्मात काम करणाऱ्यांना नाव माहीत असेल, १८८६ मध्ये कंपनी काढली ती अंगठ्याने दाबली तरी चुरा होईल अशा गोळीवर, कारण त्या काळातल्या कडक गोळ्या पोटातून न विरघळताच बाहेर पडायच्या. पुढे ती कंपनी फार्माशियात गेली आणि तिथून फायझरमध्ये. कोविडच्या वेळी डिसेंबर २०२० मध्ये फायझरच्या लशीचे पहिले ट्रक ज्या पोर्टेजच्या प्लँटमधून निघाले ना, तो मूळचा अपजॉनचाच प्लँट. मला हे कळलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला, औषधं आणि फुलं दोन्ही एकाच माणसाकडून.

बागेत २७ लांब आयताकृती वाफे आहेत, मध्ये गवताच्या पट्ट्या, आणि एका वाफ्यात ३० रोपांची जागा. म्हणजे सगळं भरलं तर आठशेच्या आसपास रोपं होतात. व्हरायट्या २७० च्या वर, एकोणिसाव्या शतकातल्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या. ऐन बहरात दहा हजारापर्यंत फुलं एकाच वेळी असतात असं युनिव्हर्सिटी सांगते आणि तिथे उभं राहिलं की ते पटतं. वास तर गेटपासूनच सुरू होतो. उत्तर अमेरिकेत जुन्या पिओनींचा एवढा मोठा सार्वजनिक संग्रह दुसरीकडे नाही असं म्हणतात.

पण माझ्या मते बागेची खरी किंमत या आकड्यांत नाहीये. खरी गोष्ट ही की पाटीवर जे नाव आहे तेच रोप खाली मातीत आहे, आणि हे साधण्यासाठी या लोकांनी कित्येक वर्षं घालवली आहेत. हे ऐकायला अगदी साधं वाटतं, म्हणजे त्यात काय मोठंसं, पाटी लावली झालं. पण ज्याने कधी जुन्या व्हरायटीची पिओनी विकत घेतलीय त्याला विचारा.

मीच सांगते. आमच्या मागच्या अंगणात लावायला मी एका ऑनलाइन नर्सरीकडून 'डचेस द नमूर' मागवली होती, १८५६ ची फ्रेंच व्हरायटी, पांढरी, आतून किंचित पिवळसर-हिरवट झाक, वास लिंबाच्या जवळ जाणारा. रूट आलं, पिशवीवर नाव बरोबर, फोटो बरोबर. पिओनीचं असं असतं की पहिल्या वर्षी ती जेमतेम पानं काढते, दुसऱ्या वर्षी एखादं फूल आलं तर आलं, आणि व्हरायटीचं खरं रूप तिसऱ्या वर्षाशिवाय दिसत नाही. तिसऱ्या वर्षी आलं तर फूल गुलाबी! नर्सरीला मेल केला तर म्हणे गॅरंटी फक्त पहिल्या सीझनची. म्हणजे ज्या झाडाला स्वतःचं नाव सांगायला तीन वर्षं लागतात त्याला एका सीझनची गॅरंटी, काय बोलणार. मग मी त्या फुलाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, समोरून, मागून, पाकळ्या बाजूला करून आतले केसर दिसतील असे, पानांचे, देठाचे, आणि ते फोनवर घेऊन आर्बला गेले आणि एकेका गुलाबी रोपापाशी थांबून जुळवत बसले. जवळजवळ नक्की 'सारा बर्नहार्ट' निघाली, लेमॉइन या फ्रेंच नर्सरीची १९०६ ची. फिकट गुलाबी, पाकळ्यांच्या टोकांना अजून फिकट, मध्ये कुठे कुठे लाल शिंतोडा. वाईट नाहीये, उलट सुंदर आहे, पण मी जे मागितलं होतं ते नाही ना. आणि तेव्हा मला कळलं की ही बाग म्हणजे नुसती बघायची जागा नाही, ताडून बघायची जागा आहे. बागेचा ऑनलाइन डेटाबेसपण आहे, व्हरायटीचं नाव टाकून माहिती शोधता येते, फोटो असतात, जायच्या आधी अर्धा तास तो चाळून जा, खूप फरक पडतो.

हा नावांचा गोंधळ आजचा नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये पिओनीच्या नव्या व्हरायट्या काढायची लाटच होती, कालो, क्रूस, लेमॉइन, देसेर ही सगळी त्यातली मोठी नावं. कालोचा संग्रह क्रूसकडे गेला, क्रूसचा लेमॉइनकडे, क्रूस आणि लेमॉइन दोघेही नान्सी गावचे. फ्रान्समधून अमेरिकेत पिओनीचे गड्डे, म्हणजे जाड मुळं, बोटीने यायचे, इथले नर्सरीवाले ते तोडून वाढवून विकायचे, कुणी चिठ्ठी हरवली की नवीन नाव द्यायचे, कुणी खपत नाही म्हणून जुन्याच फुलाला नवीन फ्रेंच नाव लावून विकायचे. परिणाम असा की एकच फूल पाच नावांनी आणि एकाच नावाखाली पाच फुलं. १९०३ मध्ये अमेरिकन पिओनी सोसायटी स्थापन झाली ती मुख्यतः हा गुंता सोडवायलाच, कॉर्नेल युनिव्हर्सिटीबरोबर त्यांनी देशभरातून रोपं मागवून शेजारी शेजारी लावली आणि फुलं आल्यावर कोण खरं कोण खोटं ते ठरवत बसले. अपजॉननी संग्रह केला तो या कामानंतरच्या पिढीत, म्हणून त्यांच्या मूळ संग्रहाला महत्त्व.

आता बिया लावून हे का जमत नाही असं कुणी विचारेल. पिओनीचं बी लावलं तर जे उगवतं ते नवीन काहीतरी असतं, आईसारखं येत नाही. व्हरायटी टिकवायची तर गड्डा तोडूनच लावावा लागतो. याचा अर्थ असा की आज जगात जिथे कुठे खरी 'फेस्टिव्हा मॅक्सिमा' आहे, तो १८५१ मध्ये मिएलेझ या फ्रेंच बागवानाने काढलेल्या त्या एका रोपाचाच तुकडा आहे, तुकड्याचा तुकड्याचा तुकडा. मुंबई-ठाणे रेल्वे सुरू व्हायच्या दोन वर्षं आधीचं रोप, आणि ते अजून संपलेलं नाही. आणि याचीच दुसरी बाजू म्हणजे एखादी व्हरायटी बाजारातून गेली, बागांमधून गेली, आणि शेवटचा गड्डा कुठल्यातरी अंगणात बुलडोझरखाली गेला की विषय संपला, बी ठेवलंय म्हणून परत आणता येत नाही.

या बागेतही शंभर वर्षांत बरंच काही झालं असणार हे उघड आहे. पिओनी दीर्घायुषी खरी, एकाच जागी पन्नास-साठ वर्षं आरामात फुलते, पण रोपं मरतात, दोन शेजारच्या रोपांचे गड्डे एकमेकांत शिरतात, पाट्या हलतात, आजूबाजूची झाडं मोठी होऊन सावली धरतात. शंभरीच्या आधीची साधारण दहाएक वर्षं युनिव्हर्सिटीने बाग परत उभी करायचं काम हाती घेतलं, क्यूरेटर डेव्हिड मिशनर यांच्या देखरेखीखाली. काम म्हणजे काय तर दर जूनमध्ये वाफ्यावाफ्याने फिरायचं, प्रत्येक फूल जुन्या वर्णनांशी ताडून बघायचं, बाहेरच्या रुंद पाकळ्यांचा रंग काय, मधला भाग कसा, पुंकेसर दिसतात की लपलेत, मधल्या स्त्रीकेसराचं टोक लाल आहे की पांढरं, वास आहे का, हंगामात लवकर फुलतं की उशिरा, देठ किती उंच. जाणकार लोकांना बोलावून दाखवायचं. जे खोटं ठरलं त्याची पाटी काढायची. जे गेलंय त्याच्या जागी खात्रीचं रोप दुसऱ्या संग्रहातून मिळतंय का शोधायचं, आणि मिळेपर्यंत जागा रिकामी ठेवायची.

ही रिकामी जागा ठेवायची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. वाफ्यांमध्ये तुम्हाला मध्येच मोकळी माती दिसेल. बऱ्याच जणांना वाटतं मेंटेनन्स कमी पडतोय. अजिबात नाही. तिथे नर्सरीतून आणून एखादी आधुनिक, टपोरी, ताठ देठाची हायब्रिड लावली असती तर बाग भरगच्च दिसली असती, फोटो अजून छान आले असते, आणि बागेचा अर्थ गेला असता. ज्या बागेत जुन्याच व्हरायट्या ठेवायच्या असं ठरवलंय तिथे रिकामी जागा हा प्रामाणिकपणा आहे असं मला मनापासून वाटतं.

माझे सासरे मागच्या उन्हाळ्यात आले होते, ते तासगावचे, सगळी हयात द्राक्षात गेली. मला वाटलं होतं सासूबाई रमतील आणि बाबा कंटाळतील, झालं उलटं. सासूबाईंनी एक फेरी मारली, मनसोक्त वास घेतला आणि गवतात बसून व्हिडिओ कॉलवर सांगलीला नणंदेला बाग दाखवत बसल्या. बाबा मात्र पहिल्या वाफ्यापाशीच उकिडवे बसले आणि बुंध्याशी माती बोटाने उकरून बघायला लागले, मी म्हटलं, "बाबा, हात नका लावू, इथे चालत नाही." तर म्हणाले, "काय करत नाय गं, डोळं किती खोल हाईत एवढंच बघतुय." आता हा त्यांचा नेमका प्रश्न होता, कारण पिओनीचं सगळं गणितच डोळ्यांच्या खोलीवर आहे. गड्ड्यावरचे लालसर-गुलाबी डोळे, म्हणजे जिथून पुढचे कोंब फुटतात ते, मातीच्या जेमतेम दोन इंच खाली हवेत, त्याहून खोल गेले की पानं जोरात येतात आणि फूल येतच नाही, वर्षानुवर्षं. शेजारी एक व्हॉलंटियर आजी होत्या, त्यांनी ऐकलं, मी मध्ये दुभाषी, आणि मग अर्धा तास दोघांची चर्चा, की लावणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच का, एका तुकड्याला तीन ते पाच डोळे का ठेवतात, पाणी साचलं की गड्डा कसा कुजतो, थंडीच्या आधी पाला कापून बागेबाहेर का टाकतात. पाल्याचं उत्तर ऐकून बाबा खूश झाले, कारण बॉट्रायटिस नावाची बुरशी त्या वाळक्या पाल्यात थांबून राहते आणि वसंतात ओल मिळाली की कोवळे कोंब काळे पाडते, कळ्या मोहरीएवढ्या असतानाच मरतात. बॉट्रायटिस द्राक्षालाही होतो. छाटणीची काडी बागेत पडू द्यायची नाही हे बाबा गावाकडे गड्यांना आयुष्यभर ओरडून सांगत आलेत, इथे हजारो मैलांवर तेच ऐकलं.

येताना गाडीत बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्याकडं भोकरी होती, अनाबेशाही होती, चीमा साहेबी होती. सगळी तोडून थॉमसन लावली, मग तास-ए-गणेश, मग सोनाका. आता भोकरीचा घड बघायचा म्हटला तर कुठं जायचं मला माहीत नाय." कुणी चूक केली असं ते म्हणत नव्हते, बाजारात जे चालतं ते शेतकरी लावणारच. पण आपल्याकडच्या जुन्या द्राक्षांची अशी एक बाग कुणीतरी ठेवायला हवी होती, सर्वसामान्य माणसाला जाऊन बघता येईल अशी, हे त्यांनी तीनदा बोलून दाखवलं आणि मला ते शंभर टक्के पटलं.

'आपल्याकडे पिओनी येईल का' हा प्रश्न प्रत्येक पाहुणा विचारतोच, तर महाराष्ट्रात नाही येणार. हिला हिवाळ्यात कित्येक आठवडे गारठा लागतो, त्याशिवाय डोळे जागेच होत नाहीत. महाबळेश्वरची थंडी पण पुरत नाही. हिमालयात मात्र भारताची स्वतःची एक रानपिओनी आहे, पिओनिया इमोडाय, काश्मीर-हिमाचल-उत्तराखंडकडे, पांढरी, एकेरी पाकळ्यांची. मिशिगनच्या घरात राहणाऱ्यांना मात्र काही प्रश्न नाही, इथली बर्फाची थंडी पिओनीला लागूच पडते, आणि हो, हरणं तिला तोंड लावत नाहीत. ॲन आर्बरकडे हरणांचा किती त्रास आहे ते ज्यांच्या होस्टा (शोभेच्या पानांची झाडं) दर वर्षी फस्त होतात त्यांना सांगायला नको.

मुंग्यांबद्दल पण सांगते, कारण कळ्यांवर मुंग्या दिसल्या की लोक घाबरतात, किंवा कुणीतरी सांगतं की मुंग्या नसतील तर कळी उघडत नाही. दोन्ही खरं नाही. कळीच्या बाहेरच्या हिरव्या पानांवर गोड रस सुटतो, तो खायला मुंग्या येतात, त्या नसल्या तरी कळी उघडतेच. मारायला औषध मारू नका.

फुलांपैकी काय बघायचं हे विचाराल तर सगळ्यात आधी 'फेस्टिव्हा मॅक्सिमा' शोधा. पांढरंशुभ्र, दोन्ही ओंजळी भरतील एवढं, आणि अगदी मधल्या दोन-चार पाकळ्यांच्या कडेवर कुंकवाचं बोट पुसल्यासारखा लाल डाग. प्रत्येक फुलावर डाग वेगळ्या जागी. जवळ वाकून बघितल्याशिवाय दिसत नाही, लांबून सगळी पांढरी फुलं सारखीच. मग 'मस्यू ज्यूल एली', १८८८ ची, खाली रुंद पाकळ्यांची बशी आणि वर बारीक पाकळ्यांचा मोठा गोळा, गुलाबी रंगाला चंदेरी छटा. एकेरी आणि जपानी प्रकारची फुलं लोक सोडून देतात कारण ती डबलसारखी भरगच्च नसतात, पण माझा नवरा त्यांच्याच प्रेमात आहे, एक रांग पाकळ्या आणि मध्ये पिवळा जर्द केसरांचा गुच्छ, आणि पावसाने ती आडवी होत नाहीत. डबल फुलांचे मात्र पावसाने हाल होतात. जुन्या व्हरायट्यांचे देठ आजच्या हायब्रिडइतके ताठ नसतात, एक जोराची सर आली की डोकी पाणी पिऊन थेट गवतावर टेकतात. त्यामुळे आदल्या रात्री वादळ झालं असेल तर दुसऱ्या दिवशी जाऊ नका, एक-दोन दिवस थांबून नवीन कळ्या उघडल्या की जा.

वेळेबद्दल नीट वाचा कारण इथेच लोक फसतात. तारीख फिक्स नसते. वसंत उबदार गेला तर मे च्या शेवटच्या आठवड्यातच निम्मी फुलं आलेली असतात, थंड गेला तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ऐन बहर. युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवर हंगामात बहराचा अपडेट देतात, तो बघूनच ठरवा, पाहुण्यांचं नायगाऱ्याचं बुकिंग त्याच्या मागे-पुढे करा. सगळी फुलं एकदम येत नाहीत, लवकरच्या व्हरायट्या जातात तेव्हा उशिराच्या उघडतात, म्हणून जमलं तर आठवड्याच्या अंतराने दोनदा जा, दोन वेगळ्या बागा बघितल्यासारखं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर नुसती हिरवी पानं, हिवाळ्यात तर जमिनीच्या वर काहीच नाही.

मेमोरियल डेचा आणि या फुलाचा जुना संबंध आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर सैनिकांच्या थडग्यांवर फुलं वाहायचा दिवस म्हणून तो सुरू झाला, आणि मिडवेस्टमध्ये त्या सुमारास अंगणात भरपूर असायची ती पिओनीच. म्हणून आजही इथल्या जुन्या कबरस्तानांत पिओनीचे जुनाट ठोंब दिसतात, पाटी नाही, नाव नाही, पण दर वर्षी फुलतायत. लाँग वीकेंडला ग्रिलिंग करून झालं की मुलांना ही गोष्ट सांगायला बाग चांगली जागा आहे.

आता तक्रारी. पार्किंगची बोंब आहे. बाग युनिव्हर्सिटी हॉस्पिटलच्या अगदी शेजारी, त्यामुळे आसपासच्या रस्त्यांवर जागा मिळणं मुश्किल, पैसे भरून पार्किंग स्ट्रक्चरमध्ये लावायची तयारी ठेवा आणि वयस्कर मंडळींना आधी गेटपाशी उतरवा. वीकेंडला बहरात गर्दी इतकी होते की शांतपणे एखाद्या रोपापाशी उभं राहता येत नाही, शक्य असेल तर वर्किंग डेला सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी जा. इकडे जूनमध्ये नऊ वाजून गेले तरी उजेड असतो, ऑफिस करूनसुद्धा जमतं, आणि उतरत्या उन्हात गुलाबी फुलांचे रंग दुपारपेक्षा कितीतरी चांगले दिसतात. पाट्या खाली बुंध्यापाशी असतात, ऐन बहरात पानांखाली झाकल्या जातात, वाकून वाचावं लागतं. थोड्या उंच पाट्या लावल्या तर वयस्कर लोकांची सोय होईल असं मला वाटतं, तसं मी तिथे सांगितलंही.

सगळ्यात मोठी तक्रार बागेबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे. आणि आपल्याबद्दल म्हणजे फक्त देशी नाही, सगळेच, पण मराठीत लिहितेय म्हणून आपल्या माणसांना सांगते. फोटोसाठी वाफ्यात पाय ठेवू नका. वर सांगितलं ना, पुढच्या वर्षीचे डोळे मातीच्या दोन इंच खाली असतात, तुमच्या सँडलखाली नेमके तेच येतात. मॅटर्निटी शूट, बारशाचे फोटो, एन्गेजमेंट, सगळं करा, गवताच्या पट्ट्या रुंद आहेत, तिथे उभं राहूनही मागे फुलंच येतात. लहान मुलांना मोकळं सोडू नका. आणि फूल तोडू नका, गळून खाली पडलेलं असलं तरी पिशवीत घालू नका, कारण त्यांना प्रत्येक रोपावर किती आणि कशी फुलं आली ते बघायचं असतं.

घरी न्यायला फुलं हवीच असतील, म्हणजे सासूबाईंना गणपतीपुढे ठेवायची होती तशी, तर केरीटाउनला ॲन आर्बर फार्मर्स मार्केट भरतं, बुधवारी आणि शनिवारी. जूनमध्ये तिथे आसपासचे शेतकरी पिओनीचे जुडगे घेऊन येतात. पूर्ण उमललेली घेऊ नका. कळी बोटात हलकेच दाबून बघा, कडक लागली तर सोडा, आत थोडी मऊ लागली की ती घ्या, घरी पाण्यात ठेवल्यावर एका दिवसात उघडते आणि पुढे चार-पाच दिवस टिकते.